स्वमग्न बालकासाठी बालवाडीचा वर्ग कसा निवडावा?

मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा विषय प्रत्येक घरात निघतो. ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले बालक आहे, तेथे तो अधिक अवघड होऊन बसतो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील काही पालक या प्रश्नासह आमच्याकडे येतात. "तुमचे वसतिगृह आहे, लेकराला येथेच ठेवून घ्या," अशी त्यांची विनंती असते. तिच्यामागील हतबलता आम्ही जाणतो. तरीही बालवाडीच्या वयातील स्वमग्न मुलाने आईवडिलांपासून दूर राहू नये, असेच आमचे मत आहे. ओळखीची माणसे, ओळखीची जागा आणि ठरलेला दिनक्रम हाच त्याचा पहिला आधार असतो. पोट दुखते की कान दुखतो, हे ज्याला सांगता येत नाही, त्याची खूण आईलाच आधी कळते. म्हणून प्रश्न वसतिगृहाचा नसून घराजवळच्या योग्य वर्गाचा आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अमेरिकेत या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. हा संसर्गजन्य आजार नव्हे. मेंदूच्या वाढीतील तो जन्मजात वेगळेपणा आहे. बोलणे उशिरा येणे, नाव घेऊन हाक मारली तरी न पाहणे, तीच कृती पुन्हा पुन्हा करणे, बदल सहन न होणे, आवाज, उजेड किंवा स्पर्श यांचा अतिशय त्रास होणे, अशी लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात. प्रत्येक मूल मात्र निराळे असते. आईच्या मायेत काही कमी पडले, लस टोचली, पूर्वजन्मीचे पाप भोवले, या समजुतींना कोणताही आधार नाही. "पूर्ण बरे करून देतो" म्हणणाऱ्यांवर पैसे आणि वर्षे घालवू नयेत. लवकर ओळख आणि सातत्याचे शिक्षण यांनीच मूल पुढे जाते.

उपलब्ध पर्याय

आपल्या भागात सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे गावची अंगणवाडी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी पोहोचवली. येथे भाषा घरचीच, सेविका ओळखीची आणि सवंगडी शेजारचे, हे या पर्यायाचे बळ. सेविकेवर आहार, नोंदी व लसीकरणाचा भार असतो, ही मर्यादा.

दुसरा पर्याय भोर, नसरापूर यांसारख्या मोठ्या गावांतील खासगी बालवाडीचा. तेथे साधने अधिक असतात. पण दाटीचे वर्ग, लेखनाची घाई आणि घरात नसलेली इंग्रजी यांचा ताण पडू शकतो. ज्या मुलाला अजून बोलणेच जड जाते, त्याच्यासाठी घरची भाषा आणि वर्गाची भाषा एक असणे हिताचे.

तिसरा पर्याय पुण्यातील विशेष शाळेचा. प्रशिक्षित शिक्षक व उपचारतज्ज्ञ तेथे मिळतात. परंतु तोरण्याच्या पायथ्याहून किंवा भाटघर धरणामागच्या वाडीहून रोज पुण्याला जाणे-येणे म्हणजे दिवसाचे कित्येक तास प्रवासात घालवणे. थकलेले मूल शिकत नाही. म्हणून बहुतेक कुटुंबांसाठी मधला मार्ग आम्हास व्यवहार्य वाटतो: रोजचा वर्ग गावातच, आणि ठरावीक काळाने तज्ज्ञांची भेट घेऊन त्यांनी सांगितलेल्या गोष्टी घरी व वर्गात सारख्याच करणे.

वर्ग पाहताना

प्रवेशापूर्वी पालकांनी वर्ग भरलेला असताना तासभर बसून पाहावा. इमारतीपेक्षा शिक्षिकेकडे अधिक लक्ष द्यावे. रडणाऱ्या मुलाशी ती कशी बोलते? आज्ञा थोडक्या शब्दांत देते की ओरडून? मारणे, कोंडणे, घाबरवणे जेथे चालते, तो वर्ग कितीही नामांकित असला तरी टाळावा.

मग जागा पाहावी. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पत्र्याच्या छपरावर पावसाचा जो मारा होतो, तो अशा मुलाला असह्य होऊ शकतो. तेव्हा त्याला बसायला एक शांत कोपरा आहे का? कुंपण व फाटक आहे का? भान हरपून पळणाऱ्या मुलासाठी जवळचा ओढा, विहीर आणि रस्ता हे खरे धोके आहेत. शौचालय वापरताना मदत कोण करील, ठरावीकच पदार्थ खाणाऱ्या मुलाला घरचा डबा चालेल का, हेही विचारावे.

शेवटी दिनक्रम पाहावा. प्रार्थना, खेळ, खाऊ, गोष्ट यांचा क्रम रोज तोच असावा. त्यांची चित्रे भिंतीवर ओळीने लावली, तर पुढे काय होणार हे मुलाला कळते आणि त्याची भीती ओसरते. या चित्रांना खर्च जवळजवळ नाही. सुरुवातीला रोज एकच तास बसवावे, मग वेळ वाढवावी. तीन महिन्यांनी आढावा घ्यावा: झोप सुधारली का, जाताना रडणे कमी झाले का, एखादी नवी खूण किंवा शब्द आला का? उत्तर नकारार्थी असेल, तर वर्ग बदलण्यात कमीपणा नाही.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेने दिव्यांग मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अंगणवाड्यांसाठी केंद्र शासनाने 2023 साली दिव्यांग बालकांबाबत स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, तेव्हा शंका स्पष्ट बोलून दाखवावी. तेथूनच पुढील तपासणीची वाट सुरू होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र वेळेत काढून ठेवावे.

बौद्ध परंपरेत चूळपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत एक गाथाही पाठ न झालेल्या या भिक्षूला त्याच्या थोरल्या भावाने घरी जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र पाठांतर बाजूला ठेवून त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि त्याला झेपेल अशा कृतीतून शिकवले. स्वमग्न बालकाच्या शिक्षिकेकडून अपेक्षा आहे ती एवढीच. पालकांनी वर्ग शोधताना अशी शिक्षिका शोधावी. आणि आपल्या गावच्या अंगणवाडीत ती असेल, तर गावाने तिला साथ द्यावी.