मनोविकासनगर : आपल्या शेजारची एक संस्था

सिकंदराबादेत बोवेनपल्लीच्या बाजूला मनोविकासनगर आहे. आपल्यापैकी अनेकजण त्या भागातून वर्षानुवर्षे जात-येत आहेत, पण तेथील मोठ्या संस्थेत काय काम चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरातले एखादे मूल उशिरा बोलू लागले, उशिरा चालू लागले, की मग चौकशी सुरू होते. तेव्हाही ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने दोन-चार वर्षे निघून जातात. हीच वर्षे सर्वांत मोलाची असतात. म्हणून ही माहिती मंडळाच्या सभासदांसाठी देत आहोत.

केंद्र सरकारने १९८४ साली ही स्वायत्त संस्था स्थापन केली. जुने लोक तिला ‘एन.आय.एम.एच.’ म्हणून ओळखतात. आता तिचे नाव राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असे आहे. सेवा, संशोधन आणि प्रशिक्षण ही तिची तीन कामे. महाराष्ट्रातील नातेवाइकांनी लक्षात ठेवावे, की नवी मुंबईत खारघर येथेही तिचे प्रादेशिक केंद्र आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बौद्धिक अक्षमता म्हणजे वेड नव्हे. मानसिक आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर औषधे असतात. बौद्धिक अक्षमतेत मुळात मेंदूची वाढ व शिकण्याचा वेग कमी पडतो आणि ते बालपणापासूनच दिसू लागते. कारणे अनेक आहेत : डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतील दोष, जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, डोक्याला जबर मार. ‘चौकट राजा’ चित्रपटातला नंदू आपल्याला आठवत असेल. लहानपणी पडल्यामुळे त्याच्या मेंदूला इजा झाली होती. जवळच्या नात्यातील लग्नांमुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांनी हे ध्यानात घ्यावे.

काही कारणे वेळीच रोखता येतात. जन्मतः थायरॉइड ग्रंथीचे काम कमी असेल, तर बाळाच्या रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू केली, तर मेंदूचे होणारे नुकसान बहुतांशी टळते. तीच गोळी दोन वर्षांनी सुरू केली, तर गेलेले भरून येत नाही. ‘लवकर’ या शब्दाला येथे एवढा अर्थ आहे.

आता लक्षणांविषयी. बाळ पाच महिन्यांपर्यंत मान धरत नाही, नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षापर्यंत चालत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही, तर तपासणी करून घ्यावी. ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले होते’ हे उत्तर आपल्या घरांत नेहमी ऐकू येते. दुसरे उत्तर खास आपले : घरात मराठी, गल्लीत तेलुगू, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले आहे. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बुद्धीची वाढ खुंटत नाही. उलट तपासणीच्या वेळी घरची भाषा मराठी आहे हे आवर्जून सांगावे, म्हणजे मुलाला खरोखर किती कळते याचा अंदाज नीट येतो.

अशा तपासणीत एकच डॉक्टर निर्णय देत नाही. वैद्यकीय तपासणी, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचार, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षक असे सगळे मिळून मुलाला काय येते आणि पुढे काय शिकवायचे हे ठरवतात. नुसता बुद्ध्यांक पाहून भागत नाही. जेवणे, कपडे घालणे, स्वच्छता, पैसे ओळखणे ही रोजची कामेही तपासतात. येथेच संशोधनाचा उपयोग होतो. परदेशी तपासण्या आपल्या घरांतल्या राहणीला नेहमीच लागू पडत नाहीत. म्हणून या संस्थेने भारतीय मुलांसाठी स्वतःच्या तपासणी-पद्धती तयार केल्या. १९९२ साली आलेली ‘बेसिक-एम.आर.’ ही त्यांपैकी एक.

शिकवण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. शर्ट घालणे हे आपल्याला एक काम वाटते. विशेष शिक्षक त्याचे आठ-दहा टप्पे करतात. कधी कधी शेवटचा टप्पा आधी शिकवतात. शर्ट आईने घालायचा, फक्त शेवटचे बटण मुलाने लावायचे. ते जमले की शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचा आनंद मुलालाच मिळतो. हे आठवड्यातून एकदा संस्थेत जाऊन होणारे काम नाही, रोज घरीच करावे लागते. म्हणून येथे मुलाइतकेच आईवडिलांनाही शिकवतात. बाहेरगावच्या कुटुंबांना परिसरात राहून शिकण्याची सोयही आहे. नांदेड-परभणीकडून उपचारासाठी आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हे जरूर सांगावे; मात्र आधी चौकशी करूनच बोलवावे.

प्रशिक्षणाच्या बाजूला विशेष शिक्षणातील पदविकेपासून वरचे अभ्यासक्रम चालतात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच हे काम करता येते. कोणी खासगी थेरपी देत असेल, तर नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. आपल्या मंडळातील तरुण मुलामुलींसाठीही हा चांगला व्यवसाय आहे.

शेवटी, बँकेत आयुष्य घालवलेल्या आम्हा मंडळींनी सांगावे असे काही. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकातल्या आईवडिलांना सतावणारा प्रश्न प्रत्येक घरात असतो : आमच्यानंतर याचे काय? मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने सज्ञान होते आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. ते प्रमाणपत्र दाखवून बँकेत खाते उघडता व चालवता येते. नॉमिनी नेमला म्हणजे सोय झाली, असे समजू नये. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची असते. म्हणून मृत्युपत्र वेगळे करावेच. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असेल तर अनेक सवलती मिळतात. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. सरकारी निवृत्तिवेतनधारकांनी अशा अपत्याचे नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आपल्या हयातीतच नोंदवून ठेवावे.

ही कामे आईवडील हिंडते-फिरते असतानाच होतात. मंडळातील ज्या घरांना फॉर्म भरणे, कागदपत्रे जुळवणे किंवा पहिल्या भेटीला सोबत हवी असेल, त्यांनी निःसंकोच सांगावे. आम्ही निवृत्त मंडळी आहोत. सकाळचा वेळ आमच्याकडे भरपूर असतो. आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला या मुलांना घरी ठेवून येऊ नका. त्यांनाही घेऊन या.