जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन : बांधावे की बदलावे?

पंधरा-वीस वर्षे घरात राबलेला ट्रॅक्टर ऐन मशागतीत धूर ओकू लागतो, नांगर लावला की दम सोडतो. मेकॅनिक म्हणतो, "इंजिन गेलं." कोणी सांगतो, दुसरे इंजिन टाका, कोणी म्हणतो, नवा ट्रॅक्टरच घ्या. मग घरात बैठक बसते आणि मुलीच्या शिक्षणासाठी राखलेल्या पैशांकडे नजर जाते. अशा वेळी आधी आजार ओळखावा, मग खर्च मांडावा.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर क्लीनर साफ करून, नोझल व डिझेल पंप तपासून घेतल्यास पुष्कळदा एवढ्यावर भागते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असावेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर ट्रॅक्टर ताबडतोब उभा करावा. ऑइलचे प्रेशर कमी दाखवत असेल, तर पहिल्यांदा ऑइल, फिल्टर आणि मीटर पाहावे. ते ठीक असतील, तर बेअरिंगकडे संशय घ्यावा.

इंजिन उघडण्यापूर्वी कॉम्प्रेशन मोजून घ्या. ब्रीदरमधून वाफेसारखा जोराचा धूर येत असेल, तर रिंगांमधून गॅस खाली जातो आहे, असे समजावे.

बांधावे केव्हा?

ब्लॉक, क्रँक आणि हेड शाबूत असतील, तर इंजिन बांधणेच बहुधा परवडते. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग ही झिजण्याचीच वस्तू. ती बदलता येते. क्रँक दहा, वीस, तीस हजारांश इंच असा लेथवर घासून त्या मापाचे बेअरिंग बसवतात. शेवटच्या मापापर्यंत आधीच घासलेला असेल, तर क्रँकच नवा लागतो. म्हणून मागच्या कामाची बिले जपून ठेवावीत.

बदलावे केव्हा?

ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल किंवा सुटे भाग मिळत नसतील, तर दुरुस्तीत पैसा ओतू नये. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. अशा बंद पडलेल्या मेकचे भाग कोठे मिळतात, याची चौकशी इंजिन उघडण्याआधीच करावी.

खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यात लेथकाम, मजुरी, डिझेल पंप, क्लच हे सगळे धरा. हा आकडा ट्रॅक्टरच्या आजच्या विक्री किमतीच्या निम्म्यापुढे गेला, तर पुन्हा विचार करावा. गिअर बॉक्स, हायड्रॉलिक आणि टायरही थकले असतील, तर नुसते इंजिन नवे करून उपयोग नाही. मात्र बाकी ट्रॅक्टर धडधाकट असेल, तर नव्याचे हप्ते आणि जुन्याची दुरुस्ती शेजारी-शेजारी कागदावर मांडून घरच्या सर्वांनी पाहावी.

जुने इंजिन विकत घेताना ते आपल्यासमोर चालू करून दाखवायला सांगा. इंजिन नंबर व पावती तपासा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको. इंजिन बदलायचे असेल, तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्या, आर.सी. बुकात नवा नंबर चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

बांधल्यानंतर

पहिले ५० तास जड नांगर किंवा भरलेली ट्रॉली ओढू नये, तसेच नुसते रिकामे चालवत ठेवू नये. हलके काम द्यावे. नंतर ऑइल व फिल्टर बदलावेत आणि हेडचे नट मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. पुढे एअर क्लीनर वेळच्या वेळी साफ ठेवा. इंजिन झिजवणारी धूळ तेथूनच आत जाते. हे काम पेरणीच्या तोंडावर न काढता हंगाम संपताच उरकले, तर भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसेही वाचतील.