डिफरन्शियल लॉक

डिफरन्शियल लॉक ही ट्रॅक्टर, ट्रक, जीप यांसारख्या वाहनांच्या एकाच आसावरील दोन चाकांना तात्पुरते एकमेकांशी जखडून ती एकाच वेगाने फिरविणारी यांत्रिक रचना होय. एक चाक चिखलात रुतून किंवा अधांतरी राहून जागीच फिरू लागले, तरी जमिनीवर घट्ट टेकलेल्या दुसऱ्या चाकाला शक्ती मिळत राहावी, हा तिचा हेतू असतो. सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका या माणदेशाच्या भागात ही रचना प्रामुख्याने ट्रॅक्टरमुळे परिचित आहे. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांचा प्रसार वाढल्यापासून कोणता लॉक निवडावा, हा प्रश्नही विचारला जाऊ लागला आहे. लॉक इंजिनाची शक्ती वाढवीत नाही. उपलब्ध पकड वाया जाऊ देत नाही, एवढेच त्याचे कार्य असते. त्यामुळे त्याची निवड वाहन कोणत्या जमिनीवर चालणार आहे, यावर अवलंबून असते.

डिफरन्शियलची आवश्यकता

वळण घेताना बाहेरच्या बाजूच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांमधील अंतर १.५ मीटर असेल, तर एक पूर्ण वर्तुळ फिरताना हा फरक सुमारे ९.४ मीटर होतो; वर्तुळ लहान असो वा मोठे, तो तेवढाच राहतो. बैलगाडीची चाके आसाभोवती स्वतंत्रपणे फिरत असल्याने तिला यात अडचण येत नाही. मोटारीत मात्र इंजिनाने दोन्ही चाके फिरवायची असतात आणि त्याच वेळी त्यांच्या वेगात फरकही पडू द्यायचा असतो. हे काम डिफरन्शियल करते. या रचनेचे पेटंट १८२७ साली ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने घेतले, असे मानले जाते.

डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडून येणारी फिरती शक्ती पिनियन व क्राऊन या दंतचक्रांमधून एका पेटीला मिळते. पेटीतील लहान शंक्वाकार दंतचक्रे ती शक्ती डाव्या व उजव्या चाकांच्या दांड्यांना वाटून देतात. ही वाटणी नेहमी समान असते आणि याच गुणात तिचा दोष दडलेला आहे. समजा, डाव्या चाकाखाली चिखल असून ते २०० न्यूटन-मीटर इतकाच पिळबल जमिनीला देऊ शकते, तर उजवे चाक कोरड्या मुरमावर असून ते १,५०० न्यूटन-मीटर देऊ शकते. साध्या डिफरन्शियलमध्ये दुबळ्या चाकाइतकेच बल दुसऱ्यालाही मिळते. म्हणजे एकूण ४०० न्यूटन-मीटर. डावे चाक गरगरा फिरते आणि वाहन जागेवरून हलत नाही. लॉक लावल्यास दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि १,७०० न्यूटन-मीटरपर्यंतचे बल उपयोगात आणता येते. इंजिन तेच, टायर तेच. फरक पडतो तो उजव्या चाकाची पकड कामी आल्यामुळे.

चारचाकी शक्तीच्या गाडीतही हा दोष नाहीसा होत नाही. पुढचे एक आणि मागचे एक, अशी कर्णरेषेतील दोन चाके एकाच वेळी अधांतरी झाली, तर पुढील व मागील दोन्ही डिफरन्शियलमधील शक्ती त्या दोन चाकांवाटे वाया जाते. खोल चाकोऱ्यांच्या पाणंदीतून तिरके बाहेर पडताना हा प्रसंग हटकून येतो.

प्रकार

चालकाने लावावयाचा लॉक तरफेने, दाबलेल्या हवेने किंवा विद्युतचुंबकाने लागतो. तो लागला की दोन्ही चाके पूर्णपणे जखडली जातात आणि सोडला की डिफरन्शियल पूर्ववत काम करते. केव्हा लावावा व केव्हा सोडावा, हा निर्णय सर्वस्वी चालकाचा असतो.

स्वयंचलित यांत्रिक लॉक दोन चाकांच्या वेगातील फरक ओळखून आपोआप लागतो. महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागील आसावर असा लॉक दिला जातो. चाकांच्या वेगातील फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांवर गेला की तो लागतो. वाहनाचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटरपेक्षा अधिक असल्यास लागत नाही. चालकाला काही करावे लागत नाही, परंतु चाक थोडे घसरल्याशिवाय लॉक लागत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलमध्ये घर्षणपट्ट्या किंवा मळसूत्री दंतचक्रे असतात. त्यांच्यामुळे घट्ट चाकाला काहीसे अधिक बल मिळते. मात्र चाके पूर्णपणे जखडली जात नाहीत. पावसाळी डांबरी रस्त्यासाठी हा प्रकार उपयुक्त असतो. एक चाक पूर्णपणे उचलले गेल्यास त्याचा प्रभाव बराच कमी होतो.

ब्रेकच्या साहाय्याने चालणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली जागीच फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून विरोध निर्माण करते, त्यामुळे समोरच्या चाकाला बल मिळते. मारुती सुझुकी जिम्नीमध्ये ही व्यवस्था आहे. थोड्या अंतराच्या अडचणीत ती पुरेशी ठरते. लांब चढावर सतत वापर झाल्यास ब्रेक तापतात.

माणदेशातील जमीन आणि ट्रॅक्टर

माणदेश पर्जन्यछायेत येतो. महादेव डोंगररांगेच्या उतारांवर उथळ, मुरमाड जमीन, सखल भागात काळी चिकण माती आणि माणगंगा व तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या पात्रांत वाळू, असे जमिनीचे तीन प्रकार येथे थोड्याथोड्या अंतरावर आढळतात. टेंभू योजनेचे पाणी आटपाडी तालुक्यात आल्यापासून भिजलेल्या काळ्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढण्याचे प्रसंगही वाढले आहेत. टंचाईच्या वर्षांत वाड्यावस्त्यांवर पाणी नेणारे टँकर कच्च्या चढांवरून जातात. तेथे वाहन अडकले तर वस्तीचे पाणीच अडते.

ट्रॅक्टरवरील लॉक सामान्यतः टाचेने दाबावयाच्या पायटाच्या रूपात असतो. नांगरट करताना एक चाक तासात आणि दुसरे न नांगरलेल्या जमिनीवर असते. ट्रॅक्टर तासाकडे कलल्यामुळे वरच्या चाकावरील भार कमी होतो आणि ते घसरू लागते. अशा वेळी सरळ रेषेत जाताना लॉक दाबला की ओढ सुधारते. शेताच्या टोकाला वळण्यापूर्वी तो सोडावा लागतो, अन्यथा ट्रॅक्टर सुकाणूला जुमानत नाही आणि सरळच पुढे जाऊ पाहतो.

ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक स्वतंत्र असतात. फिरत्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबून दुसऱ्या चाकाला बल मिळवून देण्याची शेतकऱ्यांची जुनी युक्ती आणि आधुनिक गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक प्रणाली यांचे तत्त्व एकच आहे. लॉक लागलेला असताना मात्र एकाच बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर वळविता येत नाही, कारण दोन्ही चाके एकमेकांशी जोडलेली असतात.

निवडीचे निकष

लॉकचा विचार करण्यापूर्वी टायर, टायरमधील हवा आणि लो गिअर या तीन गोष्टी पाहणे इष्ट असते. माणगंगेच्या पात्रातील कोरड्या वाळूत चारही चाके जवळपास सारखीच रुततात. एका चाकाला दुसऱ्यापेक्षा फारशी अधिक पकड नसल्याने लॉकचा लाभ तेथे मर्यादित राहतो. टायरमधील हवा ३० पौंडांवरून १८ पौंडांच्या आसपास आणल्यास टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो आणि वाहन वाळूवर तरते. पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे आवश्यक असते.

खाचखळग्यांच्या मुरमाड चढावर परिस्थिती उलट असते. तेथे एखादे चाक वारंवार उचलले जाते, तर बाकीच्या चाकांखाली उत्तम पकड असते. पूर्ण लॉकचा खरा लाभ अशा ठिकाणी मिळतो. काळ्या ओल्या मातीत दोन्ही बाजूंची पकड असमान असेल तोवर लॉक उपयोगी पडतो; टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत झाल्या, की दोन्ही चाके एकत्र फिरून वाहन अधिकच खोल रुतते.

एकच लॉक घ्यावयाचा असेल, तर तो मागील आसावर घेण्याची प्रथा आहे. चढ चढताना वाहनाचा भार मागे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांना अधिक पकड असते. शिवाय मागच्या लॉकमुळे सुकाणूवर पुढच्या लॉकइतका परिणाम होत नाही. पुढील लॉक अवघड खडकाळ वाटांसाठी राखीव मानला जातो. फोर्स गुरखा या गाडीत पुढे व मागे असे दोन्ही लॉक चालकाच्या हाती दिलेले आहेत. २०२४ साली बाजारात आलेल्या थार रॉक्सच्या चारचाकी शक्तीच्या प्रकारांत मागील आसावर इलेक्ट्रॉनिक लॉक आहे.

चालक कोण, हाही निकष महत्त्वाचा आहे. एकाच जाणत्या चालकाच्या हाती असलेल्या वाहनासाठी हाताने लावावयाचा लॉक उत्तम. घरातील अनेकजण चालवीत असलेल्या, बहुतांश डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी आपोआप लागणारी व सुटणारी व्यवस्था अधिक सुरक्षित ठरते.

वापरातील धोके

लॉक चाक फिरू लागण्यापूर्वी लावावा. चाक वेगाने फिरत असताना लावल्यास दाते किंवा चाकाची दांडी तुटू शकते. आधीच घसरण सुरू झाली असेल, तर क्लच दाबून चाक थांबू द्यावे आणि मग लॉक लावावा. कठीण रस्त्यावर लॉक लावून वळू नये; त्याने टायर घासतात आणि दांड्यांवर पीळ चढतो. या पिळामुळे कळ सोडल्यावरही लॉक कधीकधी लगेच सुटत नाही. काही मीटर सरळ पुढे किंवा मागे गेल्यावर तो सुटतो. लॉक दर्शविणारा दिवा असल्यास तो विझल्याची खात्री करूनच वेग वाढवावा.

तिरक्या उतारावर लॉक विशेष जपून वापरावा लागतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले, तरी न घसरणारे दुसरे चाक वाहनाला खालच्या बाजूस सरकू देत नाही. लॉक लागलेला असताना दोन्ही चाके एकदम घसरतात आणि वाहनाचा मागचा भाग उताराकडे ओढला जातो. ताली व बांधांच्या कडेने जाताना हा धोका संभवतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत सर्वांत गंभीर धोका मागे उलटण्याचा आहे. मागची दोन्ही चाके रुतून जखडली गेली असता चालकाने क्लच झटक्याने सोडला, तर फिरू न शकणाऱ्या चाकांऐवजी ट्रॅक्टरचा पुढचा भागच आसाभोवती वर उचलला जाऊ शकतो. चाकांना लाकडी ओंडका बांधून बाहेर पडण्याचा प्रयत्न याच कारणाने जीवघेणा ठरतो. अशा वेळी लॉकवर विसंबून जोर न लावता चाकांपुढील माती काढणे, ट्रॉली सोडविणे आणि शक्य तर मागील दिशेने बाहेर येणे हा सुरक्षित मार्ग होय.

देखभाल व कायदेशीर बाजू

क्वचित वापरला जाणारा लॉक गंज व धूळ यांमुळे अडकतो. म्हणून मोकळ्या, मऊ जमिनीवर तो अधूनमधून लावून व सोडून पाहणे हितावह असते. डिफरन्शियलमधील तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच असावे. ओढ्याच्या खोल पाण्यातून वाहन गेले असल्यास तेलात पाणी शिरले आहे का, हे तपासावे. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते.

बाहेरून लॉक बसवून घेण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ विचारात घ्यावे लागते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलाहून भिन्न होईल, असा बदल करण्यास हे कलम मनाई करते. त्यामुळे असा बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे आणि हमी व विम्याच्या अटी पाहणे आवश्यक ठरते. उत्पादकाकडूनच लॉक बसवून आलेले वाहन घेतल्यास या अडचणी उद्भवत नाहीत.