संकेतस्थळाची पूर्वतयारी

कोल्हापुरातील एखाद्या चप्पल-कारागिरास महाजालावर आपले संकेतस्थळ उभारावयाचे असेल, तर त्याने प्रथम कोरा कागद पुढ्यात घ्यावा. दुकानात आलेले गिऱ्हाईक चप्पल वाकवून पाहते, पायात घालून चार पावले चालते. संकेतस्थळावर यांपैकी काहीच शक्य नसते. म्हणून पाऊल सेंटिमीटरमध्ये कसे मोजावे, कातडे कोणते, हातशिलाईचा जोड किती दिवसांत मिळेल, न बसल्यास बदलून मिळेल काय, यांची उत्तरे आधीच लिहून काढावी लागतात. मापाची एक चूकही परतीच्या टपालखर्चात त्याचा नफा बुडविते. पत्ता देवनागरीतही घेता येतो, ‘.भारत’ ही सोय २०१४ पासून आहे. रंगरंगोटी सर्वांत शेवटी. छायाचित्रात मात्र चपलेचा तळ अवश्य दिसावा. जाणते गिऱ्हाईक तोच आधी उलटून पाहते.