तुमचा ‘जी’ ९८१ आला काय?

अकरावी-बारावीला भौतिकी घेतले की साध्या दोलकाचा प्रयोग चुकत नाही. दोऱ्याला धातूचा गोळक टांगायचा, किंचित बाजूला नेऊन सोडायचा, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचे. या प्रयोगाच्या वह्या मी बरीच वर्षे तपासतो आहे. दर वर्षी बहुतेक वह्यांत उत्तर एकच असते : ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग!

आता गंमत पाहा. मुंबईत ‘जी’ची खरी किंमत ९७८.६ च्या आसपास आहे. ९८१ ही साधारण पॅरिसकडची किंमत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, म्हणून विषुववृत्ताकडे जावे तसा ‘जी’ कमी होतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केयेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडले असे म्हणून त्याने तो आकडा टाकून दिला नाही. पृथ्वी चपटी आहे हे मांडताना न्यूटनला पुढे त्याचाच आधार मिळाला.

मग वहीत ९७८.६ लिहावे काय? तेही नको. दोलकाची लांबी १०० सेंटिमीटर धरा. वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले तर ‘जी’ ९७७ येतो. ४०.४ लागले तर ९६७, आणि ४०.० लागले तर ९८७. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. बोट आपलेच आहे! म्हणजे उत्तरात दहाची अनिश्चितता आलीच. ‘९६७, दहा कमी किंवा जास्त’ असे लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नाही. दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाही, हेही कबूल करतो. ९६७ दिसले की भुवया उंचावणारे आम्ही शिक्षकच असतो.

शिवाय खरा आकडा लिहिलात तर तो बोलतो. उत्तर १०८० च्या वर गेले? मग मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हणून सुरू केली असणार; आंदोलने झाली एकोणीस आणि भागले विसाने. उत्तर पंधराएकने कमी आले? गोळक वीस अंशांपर्यंत ओढला होता काय ते आठवा. आपले सूत्र लहान कोनापुरतेच खरे आहे. पाच अंशांना आवर्तकाल जेमतेम ०.०५ टक्के वाढतो, वीस अंशांना मात्र पाऊण टक्का. लांबी मोजताना गोळकाची त्रिज्या मिळवायची राहिली, तर लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख आरंभबिंदूतून जात नाही. पण रेषेचा चढ तोच राहतो, आणि ‘जी’ चढावरून काढायचा असल्याने तो बिघडत नाही. आलेख काढायला सांगतात तो याचसाठी, वहीची शोभा वाढवायला नव्हे.

मुंबई आणि पॅरिस यांतला फरक आपल्या दोलकाने पकडायचा असेल तर वीस आंदोलने पुरत नाहीत. शंभर घ्या. वेळ लागेल सुमारे २०१ सेकंद, बोटाची चूक मात्र तेवढीच राहील. लांबी मिलिमीटरपर्यंत नीट मोजा, कोन लहान ठेवा, पाच वेळा वेळ घेऊन सरासरी काढा. पंखा मात्र आधी बंद करा, बरे का!