शिबिरातला स्वस्थ अर्धा तास

धुळे-जळगावकडच्या एखाद्या शाळेचे शिबिर चाळीसगावजवळ पाटणादेवीला उतरले आहे, अशी कल्पना करा. डोंगर चढून झाला, जेवणे आटोपली. तरी गलका थांबत नाही. दरडावल्याने तोंडे बंद होतात, मने शांत होत नाहीत. मग काय करावे? एक प्रयोग करा.

सर्वांनी अंगणात बसून मनगटावरची नाडी मिनिटभर मोजावी. नंतर निम्म्यांनी नुसते बसावे. उरलेल्यांनी सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. पाच मिनिटांनी नाडी पुन्हा मोजा. विश्रांतीने सर्वांचेच ठोके उतरतील. कोणत्या गटाचे अधिक उतरले? श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती मंदावते.

आता विजेऱ्या विझवा. आधी काळोखच दिसेल. डोळ्यांतील दंडपेशींमधले ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडाने विघटित झालेले असते. ते पुन्हा तयार होऊन डोळे अंधाराला पुरते सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. मध्येच कोणी मोबाइल पाहिला, की बरीचशी कमाई वाया!

येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा उल्लेख आहे. त्याच आकाशातले अंधूक तारे धीर धरणाऱ्यालाच दिसतील.

शिक्षकहो, शिबिराच्या भरगच्च वेळापत्रकात एवढा अर्धा तास राखून ठेवाल ना?