वेळू

परभणी जिल्हा हा ज्वारीचा मुलूख. तेथील मुलांना ज्वारीचा धांडा दाखवून ‘ही वेळूची धाकटी बहीण’ असे सांगितले, तर ती हसतील. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते खरे आहे. वेळू, म्हणजेच बांबू किंवा कळक, हा वृक्ष नव्हे. तो तृणकुलातीलच आहे. धांड्याप्रमाणे त्यालाही पेरी असतात. धांड्यात भेंड असते. वेळू मात्र बहुधा पोकळ असतो, एवढेच.

वृक्षाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते. वेळूचे तसे नाही. पावसाळ्यात त्याचा कोंब जमिनीतून वर येतो, तो आपली पूर्ण जाडी घेऊनच. काही महिन्यांतच तो पूर्ण उंची गाठतो आणि पुढे तीनेक वर्षे केवळ टणक होत राहतो. म्हणून जाणता मनुष्य बेटातील कोवळा वेळू तोडीत नाही. त्याचे चिवट तंतू सालीजवळ दाट व आत विरळ असतात, आणि प्रत्येक पेराशी एक आडवा पडदा असतो. त्यामुळे तो वजनाने हलका असूनही वाऱ्याने वाकतो, पण सहसा मोडत नाही.

हे गुण बुरुडाइतके कोणी ओळखले असतील असे वाटत नाही. वेळू उभा चिरून तो त्याच्या कामट्या काढतो आणि त्यांपासून टोपली, दुरडी, परडी, पाळणा विणतो. धान्य साठविण्याची कणगीही अशीच विणतात व शेणामातीने लिंपून तिच्या फटी बुजवितात. रोवळीच्या फटी मात्र मुद्दाम राखलेल्या असतात; तांदूळ धुतले की पाणी निथळून जाते. पण सर्वांत विचारपूर्वक घडविलेली वस्तू म्हणजे सूप. त्याच्या तीन बाजू उंच, चौथी मोकळी. धान्य वर उडवून झेलले, की हलका कोंडा मोकळ्या बाजूने बाहेर पडतो व जड दाणे मागे राहतात. ज्या अनामिक कारागिराने हे प्रथम विणले, त्याला मी तरी शास्त्रज्ञच म्हणेन.

गुढीची काठी वेळूची, मांडवाचे खांब वेळूचे आणि अखेरची तिरडीही वेळूचीच. कागदाचा लगदाही त्यापासून होतो.

असे हे गवत 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र ‘वृक्ष’ ठरविले! परिणामी, स्वतः लावलेला वेळू तोडून नेण्यासही अनेक ठिकाणी परवाना लागे. वनात राहणाऱ्यांची अडचण याहून मोठी होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने वेळूला गौण वनोपज मानले. त्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने 2009 साली आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळविला. तरी वेळू विकण्याची मोकळीक मिळण्यास 2011 साल उजाडावे लागले. पुढे 2017 साली ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला आणि वनाबाहेर लावलेल्या वेळूला त्या कायद्याची आडकाठी उरली नाही.

परभणीच्या शेतकऱ्यालाही आता बांधावर वेळूचे बेट लावता येईल. मात्र तेथील उन्हाळा कडक असल्यामुळे प्रारंभीची दोन-तीन वर्षे त्याला पाणी द्यावे लागेल.